बू वेनिंग यांचा गाजलेला लेख

जावा बेटावरच्या आमच्या जोग्जात विद्यापीठं इतकी, की गल्लीत दगड मारला तर तो एखाद्या प्राध्यापकालाच लागायचा. त्यातल्या बहुतेकांना गल्लीबाहेर कुणी ओळखत नाही. वेनिंग कुसुमास्तुती यांचं उलटं होतं. गल्लीत त्या फक्त बू वेनिंग, म्हणजे वेनिंगबाई, होत्या, कोपऱ्यावरच्या घरातल्या, स्कूटर फार हळू चालवणाऱ्या बाई. पण मनिलात, बँकॉकमध्ये, पार ब्राझीलमधल्या कुठल्याशा इस्पितळातसुद्धा त्यांचं नाव ठाऊक होतं. म्हाताऱ्या माणसांच्या स्मृतिभ्रंशावर काम करणाऱ्या प्रत्येकाने त्यांचा तो एक लेख वाचलेला असे. निदान वाचल्याचं सांगत तरी असे.

मी त्यांच्याच विभागात शिकवत होते. त्या मला 'दिक युन' म्हणायच्या, धाकटी बहीण म्हणून, आणि मी त्यांना म्बाक म्हणायचे, ताई या अर्थी. रक्ताचं नातं काही नव्हतं. मी नोकरीला लागले तेव्हा त्या लेखाला बरीच वर्षं होऊन गेली होती आणि त्याची कीर्ती पुरती पसरली होती.

त्यांचे वडील पुरवोरेजोच्या शाळेत मास्तर. साठी यायच्या आधीच ते घरचा रस्ता विसरायला लागले. एकदा शाळेत गेले ते दोन्ही बूट हातात धरून, आणि पायांत बायकोच्या चपला. गावाने ठरवलं की मास्तरांना काहीतरी लागलंय. मांत्रिकाने पाणी मंतरून दिलं, त्यांना माणसांत बसवू नका म्हणाला. काकांनी मास्तरांना मागच्या खोलीत ठेवलं आणि बाहेरून कडी घातली. वेनिंग तेव्हा कॉलेजात होत्या. सुट्टीत घरी आल्या की कडी काढून आत जाऊन बसायच्या. मास्तर त्याच खोलीत गेले. त्यानंतर या बाईने मनाशी घेतलं की हा आजार आहे, याला नाव आहे, आणि ते खेड्यातल्या नर्सलाही ओळखता आलं पाहिजे. बस, एवढंच. पुढे जे काही झालं ते या चांगल्या हेतूतूनच झालं, म्हणून तर मला त्याचा जास्त संताप येतो.

शिष्यवृत्ती मिळाली, त्या हॉलंडला गेल्या. तिथे त्यांनी एक छोटी चाचणी तयार केली. आज वार कोणता, तारीख काय, आपण कुठे आहोत, हे तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात वजा करत जा, हे चित्र बघून तसंच काढा. असे मोजके प्रश्न, कुणालाही विचारता येतील असे. प्रोगो नदीच्या पलीकडल्या खेड्यांत शहरातले विद्यार्थी पाठवून त्यांनी म्हाताऱ्यांना ते विचारून घेतले. स्वतः यायला शिष्यवृत्तीत पैसे नव्हते आणि मुदतही संपत आली होती. उत्तरांचे गठ्ठे विमानाने हॉलंडला गेले, तिथे बसून बाईंनी हिशेब मांडला, आणि निष्कर्ष काढला की शाळेत न गेलेल्या म्हाताऱ्यांमध्ये हा आजार वाटतो त्यापेक्षा खूपच जास्त आहे. अमुक गुणांच्या खाली असलेला माणूस आजारी धरावा. एका बड्या परदेशी नियतकालिकाने तो लेख छापला. तोवर आमच्याकडच्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी कुणी काही केलेलंच नव्हतं. लोकांनी ते उचलून धरलं. 'वेनिंग मापन' असं त्याला नावही पडलं.

आमच्या धंद्यात माणसाची किंमत दोन गोष्टींवर ठरते. तुम्ही किती लिहिलंत, आणि दुसऱ्या किती जणांनी त्यांच्या लेखात तुमचा हवाला दिला. या हवाल्याला सायटेशन म्हणतात आणि त्यावर बढती, निधी, विद्यापीठाचा दर्जा, सगळं चालतं. म्बाक वेनिंगनी पुढे खूप लिहिलं. आजाऱ्याची सेवा करून झिजणाऱ्या सुनांवर लिहिलं, घरच्या घरी करता येण्यासारख्या उपायांवर लिहिलं. चांगलं लिहिलं. पण ते सगळं मिळून त्या एका लेखाच्या पासंगालाही पुरत नव्हतं. आमचे विभागप्रमुख पाक हार्जांतो, म्हणजे हार्जांतो साहेब, प्रत्येक पाहुण्यासमोर त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणत, "आमचं भाताचं कोठार." बाई कसनुसं हसत.

मग त्याच खेड्यांतल्या त्याच माणसांना पुन्हा भेटायचं एक काम निघालं. या वेळी त्या स्वतः निघाल्या आणि मला बरोबर घेतलं. पहिलंच गाव सुंबरवारू. आणि तिथलं पहिलंच घर सिम्बाह तुमिराहचं. ही आजी विधवा. उभ्या जन्मात टेंपे करून विकलेली. सोयाबीन भिजवायचं, पायांनी तुडवून साल काढायची, शिजवून, विरजण लावून सागाच्या पानात बांधायचं, आणि पहाटे बाजारात न्यायचं. पहिल्या पाहणीत ती आजारी ठरली होती.

तिचा मुलगा परियादी दारात उभा होता. मोटारसायकली दुरुस्त करायचा. हात काळे होते म्हणून त्याने मनगट पुढे करून आमचं स्वागत केलं. त्याच्या बायकोने चहा आणला, गोड आणि दाट.

"आई मागच्या पडवीत बसलीय," तो म्हणाला. "बोलते बरी. पण तिचं मनावर घेऊ नका, बू. तुम्हाला तर माहीतच आहे तिचं."

आजी बांबूच्या बाकड्यावर बसली होती. स्वच्छ लुगडं, तेल लावून घातलेला अंबाडा, आणि दोन्ही हात मांडीवर पालथे. म्बाक वेनिंग खाली चटईवर बसल्या आणि म्हाताऱ्या माणसांशी बोलावं त्या आमच्या अदबीच्या जावानी बोलीत त्यांनी विचारलं, "सिम्बाह, बरं आहे ना?"

आजीने त्यांना नीट न्याहाळलं. "तू कुणाची गं?"

"पुरवोरेजोच्या मास्तरांची."

"मास्तरांची होय. म्हणूनच खाली बसलीस." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आज पोन आहे. परवा क्लिवोन, बाजार भरायचा. आणि मला इथे देवळातल्या मूर्तीसारखी बसवून ठेवतात."

आमचा बाजाराचा आठवडा पाच दिवसांचा. जुनी माणसं वार सांगतात ते त्याच हिशेबाने. आजीने सांगितलेला वार बरोबर होता. म्बाकनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण त्यांची मान जरा ताठ झाली.

"सिम्बाह, फार पूर्वी आमची मुलं येऊन तुम्हाला काही विचारून गेली होती. आठवतं का?"

"न आठवायला काय झालं. एक पोरगा होता, पँटीची इस्त्री अशी की हात कापावा. सरकारी भाषेत बोलत होता. मला म्हणाला, वार कोणता. मी म्हटलं, लेगी. त्याने कागदावर फुली मारली. मला वाटलं, बाई, काहीतरी चुकलं आपलं. शिकलेल्या माणसापुढे कशाला तोंड उघडा. मग पुढचं सगळं मी म्हटलं, माहीत नाही, साहेब."

"आणि शंभरातून सात?"

आजी हसली. "जन्मभर टेंपे विकले गं मी. पण म्हाताऱ्या बाईला कुणी असं विचारतं का? मला वाटलं चेष्टा करतोय. मी मान खाली घातली. गप्प राहिलं की माणसं लवकर उठून जातात."

पुढचं तिनेच सांगितलं. वर्ष-दोन वर्षांनी दवाखान्यातून बाई आल्या, परियादीला म्हणाल्या, तुझ्या आईचं डोकं चाललंय, चुलीपाशी, विहिरीपाशी जाऊ देऊ नकोस. मोठी पातेली विकून टाकली. बाजारातली जागा भाचीला दिली. रोज एक गोळी सुरू झाली, ती घेतली की दुपारपर्यंत डोळे उघडत नाहीत. "पोरगा गुणाचा आहे," आजी म्हणाली. "मला उन्हातसुद्धा जाऊ देत नाही."

म्बाक उठून पुढच्या दारी आल्या. परियादीला म्हणाल्या, "तुमच्या आईला काही झालेलं नाही."

"बू, तुमचेच लोक सांगून गेले होते ना, झालंय म्हणून?"

"ते चुकलं होतं. विचारायची पद्धत चुकली होती."

"मग आत्ताचं बरोबर कशावरून?" तो उद्धटपणे बोलत नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. "तेव्हा कागद होता, शिक्का होता, परदेशातून आलेलं होतं म्हणाले. आज तुम्ही दोन घटका बोललात आणि म्हणता काही नाही. एकदा आई कढईत तेल तापत ठेवून शेजारी गेली होती. घर जळालं असतं."

"तुमची बायको कधी काही विसरत नाही?"

"विसरते की. पण बायकोचं डोकं कुणी तपासलेलं नाही," परियादी म्हणाला. आतून त्याची बायको हसली. आम्हाला हसता आलं नाही.

परत येताना प्रोगोच्या पुलाच्या अलीकडे त्यांनी स्कूटर बाजूला घेतली. हेल्मेट काढलं नाही. "दिक, माझ्या वडिलांना कडी घातली ती मांत्रिकाच्या शब्दावर," त्या म्हणाल्या. "हिला माझ्या."

मी म्हटलं, "म्बाक, तुम्ही कुठे तिला कोंडा म्हणालात? दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या."

"त्या बाईंनी कुठला लेख वाचला होता?"

मग त्यांनी स्कूटर पुन्हा सुरू केली.

त्या पावसाळ्यात आम्ही दोघींनी त्या पट्ट्यातली घरं पुन्हा पालथी घातली. या खेपेला प्रश्न जावानी बोलीत, चटईवर बसून, चहा झाल्यावर. बाजाराचा वार सांगितला तरी बरोबर धरला. चित्र काढायच्या ऐवजी पान दुमडून पुडा बांधायला सांगितला. आजारी ठरवलेल्यांतली बहुतेक माणसं धडधाकट निघाली. काही खरंच आजारी होती, नाही असं नाही. पण ती पहिल्या लेखात म्हटल्याच्या कुठल्या कुठे कमी. घराघरांत तेच दिसत होतं: कुणाची बाग काढून घेतलेली, कुणाला नातवंडं खेळवायला देत नाहीत, कुणी निजूनच असतं. एक सारीयेम नावाची म्हातारी तेवढी सुटली होती. तिला मूलबाळ नव्हतं, त्यामुळे तिला बसवून ठेवायला कुणी नव्हतं. आपल्या आजाराचं ऐकून ती दवाखान्यातल्या बाईंना म्हणाली होती, बरं, आणि सरळ पाल्याच्या जुड्या घेऊन बाजारात गेली होती. अजून जात होती.

म्बाकनी सगळं लिहून काढलं. माझा लेख चुकला, का चुकला, आणि आता काय करावं. त्याच बड्या नियतकालिकाला पाठवलं. तिथून गोड शब्दांत उत्तर आलं की विषय रोचक आहे, पण त्याचं महत्त्व स्थानिक आहे. मी म्हटलं, पहिला लेखसुद्धा याच गावचा होता की. म्बाक म्हणाल्या, "तेव्हा त्यात जगाला उपयोगी पडण्यासारखं काहीतरी होतं. आता फक्त सुंबरवारू उरलं." आणखी दोन-तीन ठिकाणांहून नकार आले. मग त्यांनी ठरवलं, मूळ लेखच मागे घ्यायचा. त्यासाठी विद्यापीठाचं पत्र लागायचं. त्या पाक हार्जांतोंकडे गेल्या, मलाही साक्षीला नेलं.

"बसा, बू, बसा. पेयेक घ्या, आमच्या सासूबाईंच्या हातचे." त्यांनी शेंगदाण्याच्या त्या कुरकुरीत पापड्यांचा डबा पुढे केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मागे घ्यायचा म्हणजे? कुणाचं चोरलंत का तुम्ही?"

"नाही."

"आकडे खोटे घातलेत?"

"आकडे खरे आहेत. त्यांचा अर्थ मी चुकीचा लावला."

"मग त्यात काय एवढं? अर्थ लोक आपापला लावतात. लेख मागे घेणं हे चोराचं काम, बू. उद्या पेपरात येईल, अमुक विद्यापीठाचा लेख मागे. दर्जा ठरवणारी समिती दारात उभी आहे. आपल्या सगळ्या सायटेशनमधली निम्मी त्या एका लेखाची आहेत. तो काढला की आपण कुठे जाऊन पडू, कल्पना आहे? या दिक युनची नोकरी राहील का?"

माझं नाव मध्ये आणायची गरज नव्हती. पण त्यांना बरोबर माहीत होतं कुठे बोट ठेवायचं.

"तिकडे माणसं कोंडून ठेवलीत," म्बाक म्हणाल्या.

"त्यांच्या मुलांनी ठेवलीत. तुम्ही आणि मी नाही." ते जरा पुढे झुकले. "बू, मला एक सांगा. सगळं जग ज्याचा हवाला देतं ते चूक आणि सुंबरवारूची एक म्हातारी बरोबर?"

"हो," म्बाक म्हणाल्या.

पाक हार्जांतोंनी डब्याचं झाकण लावलं.

पत्र मिळालं नाही. शेवटी तो दुसरा लेख एका नर्सिंग कॉलेजच्या मासिकात आला, आमच्याच भाषेत, मुखपृष्ठावर प्राचार्यांचा झेंड्याला सलाम करतानाचा फोटो. त्याचा हवाला मी माझ्या एका लेखात दिला. आणखी कुणी दिल्याचं मला तरी ठाऊक नाही. पहिल्या लेखाचे हवाले वाढतच राहिले. म्बाक विभागात येऊन संगणक लावत आणि तो आकडा बघत. आधी कधी बघत नसत. मी एकदा म्हटलं, कशाला बघता? त्या म्हणाल्या, "आज आणखी कुठल्या देशात कडी लागली ते कळतं."

सुंबरवारूला त्या जात राहिल्या. दवाखान्यातल्या बाईंना भेटल्या. बाई बदलून नवीन आल्या होत्या, त्या म्हणाल्या, वरून परिपत्रक आल्याशिवाय मी मापन बदलू शकत नाही, आणि परिपत्रकात तर तुमचंच नाव आहे. परियादीशी बोलून बोलून त्यांनी गोळी बंद करवली. पण त्या परतताच पुन्हा सुरू झाली, कारण गोळी नसली की आजी बाजारात निघायची. तुमिराह आजी हळूहळू बोलायची कमी झाली. मग वार सांगेनाशी झाली. एका भेटीत तिने म्बाकना आपली मेलेली बहीण समजून घरच्या चौकशा केल्या. म्बाकनी सगळ्या चौकशांना उत्तरं दिली.

त्याच सुमाराला ब्रामान्त्यो ऑस्ट्रेलियाहून परत आला. हा त्यांचा लाडका विद्यार्थी. हुशार, बोलायला मऊ, गुरूच्या पाया पडणारा. त्याला मोठा निधी मिळाला होता आणि त्याने पहिल्या पाहणीतल्या सगळ्या माणसांचं पुढे काय झालं ते शोधून काढलं. निष्कर्ष असा, की मापनात खाली आलेले लोक पुढच्या वर्षांत झपाट्याने ढासळले, वर आलेले टिकले. म्हणजे वेनिंग मापन आजार नुसता ओळखत नाही, आधीच सांगतं. लेख त्याच बड्या नियतकालिकात आला. छापलेली प्रत घेऊन तो म्बाकच्या खोलीत आला, पाया पडला.

"बू, हे तुमचंच यश आहे. तुम्ही उगाच स्वतःवर शंका घेत होता."

म्बाकनी लेख शेवटपर्यंत वाचला. मग शांतपणे म्हणाल्या, "ब्राम, त्यांचं काम काढून घेतलं. झोपेची गोळी दिली. त्यांच्याशी कुणी बोलेना. माणूस ढासळणार नाही तर काय होणार?"

"शक्य आहे, बू. पण सिद्ध कसं करायचं? ज्यांना आजारी म्हटलं त्यांनाच बसवलं. आजारी ठरवूनही न बसवलेली माणसं हवीत."

"सारीयेम आहे. अजून बाजारात बसते."

"ती एकच आहे." त्याने मान खाली घातली. "एका माणसावरून काही म्हणता येत नाही, बू. हे तुम्हीच आम्हाला पहिल्या तासाला शिकवलंत."

खरं होतं. नोकरीला नवी असताना मीही त्या तासाला मागे बसले होते. आणि तेच म्बाकना सर्वात जास्त लागलं. ब्रामान्त्यो प्रोफेसर झाला. म्बाकचा स्वतःचा प्रोफेसरपदाचा प्रस्ताव परत आला होता. अलीकडचं लेखन दर्जेदार ठिकाणी छापलेलं नाही, असा शेरा होता.

निवृत्तीचा समारंभ मोठा केला. पिवळा भात, गामेलानचा ताफा, बाटिकच्या नव्या शर्टांत सगळे. काचेच्या चौकटीत त्या लेखाचं पहिलं पान मढवून त्यांना भेट दिलं. म्बाक बोलायला उभ्या राहिल्या. त्यांनी भाषण लिहून आणलं नव्हतं.

"हा लेख चुकीचा आहे," त्या म्हणाल्या. "मी तो हॉलंडमध्ये बसून लिहिला. ज्या माणसांबद्दल लिहिला त्यांच्याशी मी बोलले नव्हते. जी माणसं आजारी नव्हती त्यांना मी आजारी ठरवलं, आणि त्यातली काही त्यामुळेच आजारी झाली. हे पान भिंतीवर लावू नका. माझी विनंती आहे, हे मापन वापरू नका."

मग पाक हार्जांतो उठले, टाळ्या वाजवायला लागले, आणि पाठोपाठ सगळं सभागृह. "पाहिलंत?" ते माइकवर म्हणाले. "एवढी कीर्ती, आणि तरी हा विनय. हे जावानी संस्कार. नव्या पिढीने शिकावं." माझ्या शेजारच्या बाईंचे डोळे पाणावले होते. म्बाक माइकजवळ उभ्याच होत्या, काहीतरी म्हणत होत्या, पण गामेलान सुरू झाला होता.

त्या घरी बसल्या, तरी गप्प बसल्या नाहीत. परदेशातून कुणी मापन वापरायची परवानगी मागितली की त्या लांबलचक उत्तर पाठवायच्या, वापरू नका म्हणून. ही पत्रं फिरून विभागात यायची, कारण लोक विचारायचे, बाईंची तब्येत बरी आहे ना? मग विभागात कुजबुज सुरू झाली. तेच तेच बोलतात. स्वतःचं आयुष्यभराचं काम नाकारतात. वडिलांनाही होतं म्हणे. शेवटी ब्रामान्त्यो एका सकाळी बाकपियाचा, मुगाचं गोड सारण भरलेल्या आमच्याकडच्या मिठाईचा, खोका घेऊन त्यांच्या घरी गेला. मी तिथेच होते, त्यांच्या ऑर्किडना खत घालत होते.

"बू, रागावणार नसाल तर एक बोलू?" तो म्हणाला. "एकदा तपासून घेऊ या. माझ्या समाधानासाठी."

"कशाने तपासणार?"

त्याने मिठाईचा खोका पुढे सरकवला.

"माझ्याच मापाने ना?" म्बाक हसल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांना हसताना पाहिलं. "विचार."

तो अवघडला, पण त्याने विचारलं. "बू, आज वार कोणता?"

"पाहिंग," त्या म्हणाल्या. "मार फुली."

बाजाराचा वार ऐकून त्यालाही हसू आलं. पुढचं काही त्याने विचारलं नाही. बाकपिया खाल्ले, चहा प्यायला, पाया पडून गेला. आणि विभागात जाऊन त्याने ही गंमत कौतुकाने सांगितली, यात माझ्या मते त्याचा काही वाईट हेतू नव्हता. पण एकाने दुसऱ्याला सांगताना गंमत गळून पडली. त्या महिन्याच्या आत आमच्या शिपायापासून कुलगुरूंपर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं की बू वेनिंगना साधा वार सांगता आला नाही. मी ज्याला त्याला थांबवून खरं काय ते सांगत होते. लोक ऐकून घेत आणि माझ्या खांद्यावर हात ठेवत.

पुढच्या पावसात म्बाक डेंग्यूने गेल्या. ताप आला, उतरला, आम्हाला वाटलं निभावलं, आणि मग एकाएकी सगळं संपलं. सकाळी आमच्या मुसलमानी रीतीने न्हाऊ घातलं, पुरुष मंडळी जनाजा घेऊन कब्रस्तानात गेली, आम्ही बायका मागे घरी राहिलो. विद्यापीठाने फुलांची मोठी पाटी पाठवली होती, तिच्यावर त्यांच्या नावाखाली मापनाचं नाव होतं. त्याच आठवड्यात सरकारने हे मापन सगळ्या जिल्ह्यांत लागू केल्याची बातमी आली होती. पाक हार्जांतो ती बातमी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते. बाईंनी पाहायला हवं होतं म्हणत होते.

दुपारी परियादी आला. मोटारसायकलवरून, काळी टोपी घालून. त्याची आई आदल्या वर्षी गेली होती. तो पडवीत माझ्यासमोर बसला, चहाचा पेला दोन्ही हातांत धरून.

"भल्या बाई होत्या," तो म्हणाला. "इतक्या लांबून आईला भेटायला यायच्या. शेवटी शेवटी मात्र त्यांनाही झालं म्हणे. दवाखान्यातल्या बाई सांगत होत्या."

"काही झालेलं नव्हतं," मी म्हटलं. "शेवटच्या दिवसापर्यंत डोकं लख्ख होतं. त्या म्हणत होत्या ते खरं होतं. तुमची आई बरी होती, परियादी. त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं."

तो समजुतीने मान हलवत राहिला. मला दुखवायचं त्याच्या मनात नव्हतं.

"आईसुद्धा तसंच म्हणायची," तो म्हणाला. "मला काही झालं नाही, मला काही झालं नाही. ज्यांना झालेलं असतं ती माणसं असंच म्हणतात, बू."

त्याने चहा संपवला, पेला बशीवर पालथा घातला, आणि कब्रस्तान कुठल्या बाजूला म्हणून मला विचारलं.